रीफ टँक, नेरुळ : गाळणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

रीफ टँकचं, म्हणजे प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं माप ठरलं. ९० × ४५ × ४५ सें.मी., काच १० मि.मी. काठोकाठ भरली तर १८२ लिटर. जागा हॉलमध्ये, बीमखालच्या भिंतीला लागून. पाणी, दगड, स्टँड धरून वजन सव्वातीनशे किलोच्या घरात जाईल आणि आमची बिल्डिंग नेरुळमधल्या जुन्यांपैकी आहे, म्हणून खिडकीजवळची छान दिसणारी जागा नवऱ्याने आधीच बाद केली.

गोड्या पाण्यातले मासे आठ वर्षं पाळले. त्यामुळे फिल्टर म्हटलं की डोळ्यांसमोर कॅनिस्टर येतो, आणि एक चांगला कॅनिस्टर माळ्यावर पडूनही आहे. नवऱ्याचं म्हणणं, तोच लाव. दोन दिवस मलाही तेच वाटत होतं. पण कॅनिस्टर हा बंद डबा. त्यात अडकलेली घाण आपल्याला दिसेनाशी होते, पाण्यातून काही जात नाही. ती तिथेच कुजते आणि नायट्रेट होऊन टाकीत परत येते. गोड्या पाण्यात दर रविवारी दोन-चार बादल्या बदलल्या की भागतं. इथे प्रत्येक बादलीत मिठाचे पैसे आहेत. आणि वीज. दोन-तीन तास गेली की बंद डब्यातला ऑक्सिजन संपतो, आतले बॅक्टेरिया गुदमरतात, आणि वीज आल्यावर तो सडका घोट सरळ टाकीत येतो. आमच्याकडे पावसाळ्यात हे होणारच.

म्हणून खाली संप, म्हणजे दुसरी उघडी छोटी टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंपाने परत वर जातं. ६० × ३८ × ३८ सें.मी., त्यात पाणी २३ सें.मी. म्हणजे ५२ लिटर. दगड-वाळूची जागा वजा करून सगळं मिळून २०० लिटर धरायचे. हिशेबाला सोपं पडतं.

१९ जानेवारी

दगडांचा प्रश्न. रीफ टाकीचा खरा फिल्टर म्हणजे दगडच. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवल्याचं लिहिलं. पुढे बर्लिनमधल्या हौशी लोकांनी त्याला स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) आणि तगड्या दिव्यांची जोड दिली. आजही बहुतेक जण थोड्याफार फरकाने तेच करतात. सच्छिद्र दगडाच्या बाहेरच्या अंगावर अमोनिया खाणारे बॅक्टेरिया असतात. खोल आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही तिथे, नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडणारे.

पण समुद्रातून काढलेला जिवंत दगड मला नको. आपल्याकडे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि ‘रामेश्वरमचा माल आहे मॅडम, एकदम ओरिजिनल’ असं कानात सांगणाऱ्या माणसाकडून दगड घेणं म्हणजे काय घेणं ते उघड आहे. १८ किलो सिरॅमिक आणि सिमेंटचे बनवलेले कोरडे दगड आणले. बॅक्टेरियाच्या विरजणासाठी ठाण्याच्या एका हौशी गृहस्थांनी त्यांच्या चार वर्षांच्या टाकीतला मूठभर तुकडा दिला. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घोडबंदर रोडवरून घरी आणला. रिक्षावाला दोनदा मागे वळून बघत होता. वास होता खरा.

२ फेब्रुवारी

पाणी. नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं. माझ्या मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) ७४, म्हणजे प्यायला उत्तम. पण त्यात क्लोरीन असतो, आणि सिलिकेट-फॉस्फेट थोडं जरी असलं तरी रोज भर घालताना साठत जातं. स्वयंपाकघरातल्या आरओनंतर ते ९ वर आलं. पुढे रेझिनची नळी लावली तेव्हा शून्य. आरओचं टाकाऊ पाणी दोन दिवस बादल्यांत साठलं, त्यावर सासूबाईंनी लादी पुसणं आणि गॅलरीतली तुळस भागवली. ‘तुझ्या माशांमुळे माझी तुळस तरी न्हाली,’ हे वर.

शेजारच्या काकांनी विचारलंच, ‘अगं, खाडी पायाशी असताना मीठ विकत कशाला आणतेस?’ काका, ती खाडी आहे. भरती-ओहोटीला आणि पावसाला तिचा खारटपणा बदलतो, आणि शहराचं सांडपाणी तिच्यातच जातं. फ्लेमिंगोंना ती मानवते, प्रवाळांना नाही मानवायची.

मीठ लिटरमागे ३७ ग्रॅमच्या हिशेबाने साडेसात किलो. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५.

४ फेब्रुवारी

प्लग काढायची परीक्षा. रिटर्न पंप, म्हणजे संपातलं पाणी वर चढवणारा, बंद केला की वरचं पाणी खाली येणार, ते संपात मावलं पाहिजे. मावेना. रिटर्नच्या नळीचं तोंड वरच्या टाकीत पाण्याच्या १० सें.मी. खाली होतं. पंप थांबला तशी नळी उलटी ओढायला लागली आणि संप भरत-भरत काठाला आला, तेव्हा घाबरून प्लग परत लावला. ९० × ४५ × १० म्हणजे ४० लिटर, आणि संपात रिकामी जागा ३४. हा गुणाकार चौथीतल्या मुलाला येतो.

उपाय सांगतात तसा केला: नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ६ मि.मी.चं भोक. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. आता फक्त ८ लिटर खाली येतात.

९ फेब्रुवारी

बॅक्टेरिया वाढवायला अमोनिया लागतो. मेलेली कोळंबी टाकून कुजवत ठेवायची जुनी रीत आहे, पण हॉलमध्ये ती चालणार नाही. अमोनियम क्लोराइड घेतलं. बाजारात त्याचंच नाव नवसागर. कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा तो. बाजारातला नवसागर शुद्ध नसतो म्हणून केमिकलच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या प्रतीचं आणलं. २०० लिटरला सव्वा ग्रॅम, म्हणजे अमोनिया २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग). बाटलीवरचं नाव वाचून सासूबाईंना लहानपणचा कल्हईवाला आठवला आणि मग अर्धा तास तोच विषय.

८ मार्च

मधल्या काळात लिहिण्यासारखं काही नव्हतं. अमोनिया अकराव्या दिवशी उतरायला लागला, नायट्राइट (अमोनिया आणि नायट्रेटमधली पायरी) चढलं, मग तेही उतरलं. आता २ पीपीएम अमोनिया टाकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही शून्य. नायट्रेट १५. टेस्ट किटचे रंग ट्यूबलाइटखाली बघू नयेत, एवढं या महिन्यात कळलं. गॅलरीतल्या उजेडात त्याच नळीचं रीडिंग वेगळं दिसतं.

१५ मार्च

स्किमर बसवून दहा दिवस झाले. ही खास खाऱ्या पाण्याची वस्तू. पंपाच्या पंख्यात हवा शिरून तिचे बारीक बुडबुडे होतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत चटकन मिसळत नाहीत, म्हणून तिथे ही युक्ती चालते आणि गोड्या पाण्यात फारशी चालत नाही. माशांच्या विष्ठेतले, उरलेल्या अन्नातले प्रथिनासारखे पदार्थ बुडबुड्याच्या कातडीला चिकटतात, फेस होऊन मानेतून वर चढतात आणि वरच्या कपात सांडतात. म्हणजे घाण कुजून अमोनिया होण्याच्या आधीच पाण्याबाहेर. कॅनिस्टर आणि स्किमरमधला फरक हाच.

सासूबाई कऱ्हाडच्या. बघून म्हणाल्या, ‘ही तर मळी!’ गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात भेंडीचं पाणी घालतात आणि वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहतात, तसंच. इतकी नेमकी उपमा मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नव्हती.

पण पहिले दहा दिवस त्याने छळलं. नव्या प्लॅस्टिकचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत फेस धड धरत नाही. कधी कप कोरडा, कधी रात्रीतून पाण्याने भरलेला. संपातली पातळी एक-दोन सें.मी. हलली तरी त्याचा मूड बदलतो. शेवटी त्याच्या कप्प्याची आडभिंत २१ सें.मी.वर पक्की केली, तेव्हा शांत झाला.

३० मार्च

गुढीपाडवा. क्लाउनफिशची जोडी आणली, हॅचरीत वाढलेली. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनची हॅचरी झाल्यापासून इथल्या लोकांना ‘समुद्रातून पकडलेला नको’ हे निदान समजावून सांगावं लागत नाही. लेकीने नावं ठेवली, ती इथे लिहायची नाहीत असं बजावलं आहे.

१३ एप्रिल

रविवार, चंपीचा दिवस. लेकीचं डोकं खोबरेल तेलाने चोळून झालं आणि तिला उलटी पडलेली गोगलगाय दिसली. हात कोपरापर्यंत टाकीत! दहा मिनिटांत स्किमरचा फेस बसला. मान रिकामी, नुसतं पाणी खळखळतंय. तेलाचा तवंग फेस मोडतो. संध्याकाळी सातला हळूहळू परत चढायला लागला. आता टाकीजवळ एक जुना नॅपकिन टांगला आहे, आणि नियम: तेल, साबण, क्रीम लागलेला हात आत नाही. कोळंबीचा खिमा घातला की असाच तासभर बसतो, ते मात्र चालवून घ्यायचं.

२७ एप्रिल

उकाडा. हॉल ३३ अंश, टाकी २९.४. पाण्यावर दोन छोटे पंखे लावले, २८ पर्यंत आली. एक लिटर पाणी उडून जाताना विजेच्या साधारण दोन तृतीयांश युनिटएवढी उष्णता घेऊन जातं. रोज ४ लिटर उडतंय. पुण्याला हाच पंखा जास्त काम करेल, इथल्या दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर गोड्या पाण्याची. त्यासाठी फ्लोट आणि छोटा पंप लावलेली आपोआप भरणी बसवली.

याच महिन्यात माझा हात सैल सुटला. कारण नायट्रेट १५ वरून हलेना. सॉक, म्हणजे पाणी गाळायची कापडी पिशवी, २०० मायक्रॉनवरून १०० वर आणली. संपाच्या मधल्या कप्प्यात चिटोमॉर्फा टाकलं. हे भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखं दिसणारं शेवाळ. रात्री दिवा लावला की ते नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं, आणि वाढलेलं कापून फेकलं की ते तेवढं टाकीबाहेर जातं. त्यावर कार्बन, म्हणजे गाळणीचा कोळसा. त्यावर जीएफओचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे, फॉस्फेट धरून ठेवायला. आणि मासे किती? दोन. दोन मासे, बोटाएवढे.

११ मे

ठाण्याच्याच गृहस्थांकडून त्यांच्या टाकीत वाढलेले झोअँथिडचे (फुलांसारख्या तोंडांचे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) दोन आणि मशरूम प्रवाळाचा एक फ्रॅग, म्हणजे लावायचा तुकडा. हातमोजे घालून लावले. काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे जीवघेणं विष असतं, त्यात थट्टा नाही.

नायट्रेट २. फॉस्फेट ०.०१. खूश.

२६ मे

यंदा पाऊस आजच आला. मुंबईत मान्सून इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. दुपारी वीज गेली ती तीन तास. मी ऑफिसात. सासूबाईंचा फोन: ‘अगं, तुझा समुद्र हॉलमध्ये आलाय.’

नळीचं ते ६ मि.मी.चं भोक. त्यावर शेवाळाचा हिरवा पापुद्रा बसून ते बुजलं होतं. फेब्रुवारीतला गुणाकार खरा ठरला, सहा-सात लिटर खारं पाणी लादीवर. गोधड्या, जुन्या साड्या, सगळं कामाला आलं. पण खरा घोळ वीज आल्यावर झाला. संपात पाणी कमी दिसलं म्हणून आपोआप भरणीने इमानदारीत सहा लिटर गोडं पाणी ओतलं. तिला काय कळणार, पाणी उडालंय की सांडलंय. रात्री रिफ्रॅक्टोमीटर ३४.

भोकावर विश्वास ठेवायचा नाही. रिटर्नचं तोंडच वर घेतलं, पाण्याखाली ३ सें.मी. आता भोक बुजलं तरी १२ लिटरच उतरतील. बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही घेतला.

८ जून

नायट्रेट शून्य. फॉस्फेट ०.००. ठाण्याच्या गृहस्थांना फोटो पाठवला, अभिमानाने. उत्तर आलं: ‘ताई, हे चांगलं नाही.’ मला वाटलं, जळतात.

१९ जून

जळत नव्हते. दगडांवर तपकिरी, शेंबडासारख्या तारा, प्रत्येकीच्या टोकाला बुडबुडा. सकाळी कमी, दुपारी दिव्याखाली भरपूर. झोअँथिड चार दिवस मिटलेले. दोन गोगलगायी उलट्या.

ओळखायची सोपी तपासणी: थोडं तपकिरी पाणी बाटलीत जोरात हलवून कागदी गाळणीतून गाळायचं आणि उजेडात ठेवायचं. तासाभरात स्वच्छ पाण्यात परत धागे जुळले. मग लेकीचा मायक्रोस्कोप. ४०० पट. थेंबाच्या आकाराच्या पेशी, निमुळत्या टोकाशी खुंटीला बांधल्यासारख्या, एकाच जागी गरगर फिरत होत्या. घाण्याच्या बैलासारख्या. लेक अर्धा तास डोळा काढेना. ऑस्ट्रिओप्सिस. डायनोफ्लॅजलेट या एकपेशीय जीवांतला, थोडक्यात डायनो.

म्हणजे पाणी घाण होतं म्हणून हे झालं नाही, मी ते उपाशी ठेवलं म्हणून झालं. कोरडे, नवे दगड. त्यावर बसणारे बॅक्टेरिया आणि साधं शेवाळ जेमतेम रुजत होतं. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेलं तेव्हा आधी तेच मेले. डायनोंना त्याचं सोयरसुतक नाही, ते उजेडावरही जगतात आणि दुसऱ्यांना खाऊनही. रिकामी झालेली जागा त्यांनी घेतली. दोन बोटाएवढ्या माशांसाठी मी पाच फिल्टर लावले होते, आणि एकाही वेळी ‘आत किती जातंय’ हे मोजलं नव्हतं. बाहेर किती काढते तेवढंच मोजत बसले.

२० जून

जीएफओ बंद, डबी माळ्यावर. चिटोमॉर्फा निम्मं कापलं. सॉक काढला. स्किमर फक्त रात्री, कारण ऑक्सिजन रात्रीच कमी पडतो. कार्बन ठेवला, डायनोंचं विष धरायला. खाणं दुप्पट. पोटॅशियम नायट्रेट १.६ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला ५ पीपीएम. पाणी बदलणं बंद, हे सर्वात अवघड गेलं. हात शिवशिवतात.

१८ वॅटचा यूव्ही, म्हणजे त्यातून जाणाऱ्या पाण्यातले सूक्ष्म जीव मारणारा अतिनील दिवा, थेट वरच्या टाकीला जोडला, रात्रभर चालू. ऑस्ट्रिओप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतो, तेव्हाच तो यूव्हीत सापडतो. वाळूत दडणारी जात असती तर हा खर्च वाया गेला असता. मायक्रोस्कोपचे पैसे तिथे वसूल.

१३ जुलै

काचेवर हिरवी साय. एप्रिलमध्ये ती दिसली असती तर लगेच खरवडली असती. आज फोटो काढला. तपकिरी तारा फक्त एका कोपऱ्यात. नायट्रेट ७, फॉस्फेट ०.०४. मोठा झोअँथिड अर्धा उघडला.

खिडक्या बंद, घरात सगळे, त्यामुळे पीएच ७.८ ला अडकला होता. स्किमर घरातलीच कार्बन डायऑक्साइडवाली हवा पाण्यात घुसळतो. त्याची हवेची नळी गॅलरीच्या ग्रिलबाहेर काढली. दोन दिवसांत ८.१. खर्च, दोन मीटर नळी.

३ सप्टेंबर

गौरी-गणपती करून काल कऱ्हाडहून परतलो. आठवडाभर काकांकडे किल्ली होती. गोळ्यांच्या डबीत सात पुड्या बांधून दिल्या होत्या, रोज एक. टाकीत मासे गुबगुबीत, चेहऱ्यावर अपराधी भाव काकांच्या. ‘अगं, ते काचेशी येऊन बघत बसतात. दिला थोडा चतकोर.’ चपातीचा! नायट्रेट १२, स्किमरचा कप काळ्या चहासारखा भरून वाहायच्या बेतात, वास दारापर्यंत.

पण पाणी नितळ. एप्रिलमधली टाकी असती तर हा आठवडा तिने पेलला नसता. दगड आता पिकले आहेत, चिटोमॉर्फा दुप्पट झालं होतं. ते कापलं, कप धुतला, वीस लिटर पाणी बदललं, बाकी कशालाही हात लावला नाही. काकांना मोदक दिले.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट सुरू, पंखे परत लावले. नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०५. सॉक आठवड्यातून दोन दिवस, फक्त काच खरवडल्यावर. स्किमर पूर्ण वेळ, यूव्ही बंद. झोअँथिडला सात नवी तोंडं फुटली, लेकीने मोजली. जीएफओची डबी माळ्यावरच आहे, जुन्या कॅनिस्टरच्या शेजारी. तिसरा मासा आणायचा विचार आहे, गॉबी. आधी चार आठवडे तेवढ्या जास्तीच्या खाण्यावर टाकी चालवून बघणार, मग मासा.

चिटोमॉर्फा उद्या कापायचं. काकांना तुळशीच्या खतासाठी हवंय, त्यांना सांगायचं की आधी तीनदा धुवा, मीठ आहे.